दम कमी की दमा?

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला नंदुरबारहून शहाद्याच्या किंवा नवापूरच्या रस्त्याला लागलात, तर गाडीच्या उजेडात कडेने पळणारी मुले दिसतात. मुलीही दिसतात, पूर्वीपेक्षा जास्त. कुणाच्या पायात चांगले बूट असतात, कुणी बूट झिजू नयेत म्हणून अनवाणी पळते. पोलीस भरती, वनरक्षक, राज्य राखीव दल, सैन्य. घरात पहिली सरकारी नोकरी यावी म्हणून पळणारी ही पोरे आहेत. हौस म्हणून हाफ मॅरेथॉन पळणारे आपल्याकडे मोजकेच. इथे धावणे हा पोटापाण्याचा विषय आहे.

यांतली काही मुले दर हिवाळ्यात माझ्यासमोर येऊन बसतात आणि मागणी जवळजवळ एकच असते. “सर, दम वाढवायचं काही औषध द्या.”

अशाच एका मुलाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय २१, तळोदा तालुक्यातला. सोबत वडील. १६०० मीटर पळायला त्याला ५ मिनिटे ५० सेकंद लागत होती. पोलीस भरतीत पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांत यावे लागते. तीन महिने घाम गाळूनही वेळ कमी होत नव्हती. वडील म्हणाले, “खातो पितो चांगला, पण दमच नाही त्याच्यात.” मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या प्रशिक्षकांनीही तेच सांगितले होते, मित्रही तेच म्हणत होते. आधीच्या एका दवाखान्यात छातीचा एक्स-रे आणि ईसीजी झाला होता. दोन्ही नॉर्मल. छाती मीही तपासली, अगदी स्वच्छ.

मग मी त्याला विचारले, “पळताना जास्त त्रास होतो की थांबल्यावर?”

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. “थांबल्यावर. पाच-सात मिनिटांनी खोकला येतो, छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो. अर्ध्या तासाने आपोआप जातो.”

या एका उत्तराने निदान निम्मे होते. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, तरीही तो विचारला जात नाही, आणि त्यात आम्ही डॉक्टर मंडळीही आलो.

पळाल्यावर छातीत काय होते

आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोरात पळताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. बसल्या जागी नाक ही हवा कोमट आणि ओलसर करून आत पाठवते. पळताना मात्र तोंड उघडते आणि कोरडी, थंड हवा थेट श्वासनलिकांत घुसते. त्यांच्या आतल्या अस्तरावर पाण्याचा एक पातळ थर असतो, तो सुकू लागतो. थर सुकला की त्यातल्या क्षारांचे प्रमाण वाढते, तिथल्या संवेदनशील पेशी चिडतात आणि हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. ज्याच्या नळ्यांना आधीपासून सूज आहे, त्याला हा प्रकार फार लवकर आणि फार जोरात होतो.

पळत असताना शरीर ॲड्रेनॅलिन सोडत असते, ते नळ्या काही प्रमाणात उघड्या ठेवते. म्हणून पळताना ‘चालून जाते’ आणि थांबल्यावर ५ ते १० मिनिटांत सगळे अंगावर येते. मग अर्ध्या-एक तासात बहुतेक वेळा आपोआप उतरते. डॉक्टरांकडे संध्याकाळी पोहोचेपर्यंत छाती पुन्हा स्वच्छ झालेली असते. मग एक्स-रे काढा, ईसीजी काढा, सापडणार काहीच नाही.

आता एक गंमत बघा. व्यायामामुळे होणारा दमा शोधण्यासाठी मोठ्या रुग्णालयांत रुग्णाला ट्रेडमिलवर ६ ते ८ मिनिटे जोरात पळवतात आणि नंतर ठरावीक वेळाने फुंकर मोजतात. फुंकरीचा आकडा १० टक्के किंवा त्याहून जास्त घसरला तर दम्याचा संशय पक्का होत जातो. भरतीची १६०० मीटरची धाव म्हणजे जवळजवळ हीच चाचणी. फरक इतकाच, की शेवटी फुंकर कुणी मोजत नाही.

आम्ही ती मोजली. पीक फ्लो मीटर ही प्लॅस्टिकची साधी नळी असते, जोरात फुंकले की काटा पुढे सरकतो. काही शे रुपयांत मिळते, पळण्याच्या बुटांपेक्षा कितीतरी स्वस्त. मुलाला तीन दिवस तीच नळी घेऊन मैदानावर पाठवले. पळण्याआधी ४३०, पळून झाल्यावर आठ मिनिटांनी ३१०. म्हणजे २८ टक्क्यांची घसरण. सालब्युटामॉलचे दोन फवारे घेतल्यावर पंधरा मिनिटांत ४४०. पोरात दम भरपूर होता, पण नळ्या आवळत होत्या.

निळ्या पंपावर माझा राग का आहे

दम्याचे निदान सांगितले की दोन प्रतिक्रिया येतात. घरचे म्हणतात, “मग पळणं बंद.” मुलगा म्हणतो, “मग पळण्याआधी निळा पंप मारतो.” माझ्या मते दोन्ही चूक. पहिलीत मुलाची नोकरी जाते. दुसरी तर कधीकधी जिवावर बेतते.

पळणे बंद करण्याची गरज का नाही, त्याचे पुरावे जुने आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेलेल्या अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने उद्भवणारा दमा होता, आणि या ६७ जणांनी ४१ पदके आणली. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयापासून दमा. तिने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत संपवली आणि महिलांचा तो विक्रम पुढे १६ वर्षे कुणाला मोडता आला नाही. ही मंडळी दम्याशी ‘लढून’ जिंकली असे वर्तमानपत्रात छापून येते. डॉक्टर म्हणून मला ते वाक्य आवडत नाही. औषध नीट घेतल्याशिवाय दमेकऱ्याला अशी कामगिरी जमत नाही.

आता निळा पंप. यातले सालब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते, तेही झटपट. पण मूळ भानगड म्हणजे नळ्यांच्या आतली सूज. तिला हे औषध हात लावत नाही. वरून रोज-रोज घेतले की शरीर त्याला सरावते आणि पळण्याआधी मिळणारे संरक्षण कमी होत जाते. मुलगा दोनाचे चार फवारे करतो, चाराचे सहा. सूज मात्र आत वाढतच असते. एक दिवस सर्दी होते, त्याच आठवड्यात धूर-धूळ लागते, आणि निळा पंप काम करेनासा होतो. दम्याने होणारे मृत्यू बऱ्याचदा अशा वाटेने जातात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त असल्याचे अंदाज आहेत. यात गरिबी आहे, उशिरा मिळणारे उपचार आहेत, आणि सूज उतरवणारे औषध फारच थोड्या रुग्णांना मिळते हेही आहे.

२०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितले आहे की कुणाही प्रौढाचा किंवा किशोरवयीन मुलाचा दमा नुसत्या सालब्युटामॉलवर सांभाळू नये. श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड सोबत हवेच. ते रोज कमी मात्रेत घेता येते. किंवा बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप मिळतो, सौम्य दम्यात तो लागेल तेव्हा आणि पळण्याआधीही घेता येतो. कुणाला कोणता, हे तपासून ठरते. पण ज्याला आठवड्यातून पाच-सहा दिवस जोरात पळायचे आहे, त्याने स्टिरॉइडचा पंप टाळून निळ्यावर भागवणे मला मान्य नाही. मी तसे लिहून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

“स्टिरॉइड? नको साहेब.” हे मी रोज ऐकतो, आणि गंमत म्हणजे हेच लोक गावात जाऊन स्टिरॉइडचे इंजेक्शन बिनदिक्कत घेतात, कारण त्याचे नाव त्यांना कुणी सांगितलेले नसते. साधा हिशोब मांडतो. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड ओढले तर महिन्याला १२ मिलिग्रॅम होते, तेही बहुतांशी नळ्यांपुरते. धाप लागली म्हणून एका वेळी टोचले जाणारे ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे प्रेडनिसोलोनच्या ५० मिलिग्रॅमच्या बरोबरीचे पडते, आणि ते सगळ्या अंगभर फिरते. पंपाची सवय लागते म्हणतात. चष्म्याची लागते तशी म्हणा फार तर. चूळ भरायला विसरलात तर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, आवाज बसू शकतो. ते त्रास खरे आहेत आणि दोन्ही टाळता येतात.

भरतीच्या सकाळी ‘ताकदीसाठी’ म्हणून थिओफिलिन वर्गातल्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन मैदानावर जाणारे मी पाहिले आहेत. या औषधाची उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. छातीत धडधड, हात थरथरणे, मळमळ. आधीच १८० च्या ठोक्यांवर पळणाऱ्या हृदयाला हे कशाला द्यायचे?

आणखी एक गोष्ट, जिच्यावर हसू नका. कॅप्सूलच्या पंपाची कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. चूक त्यांची नाही, वापरून कुणी दाखवलेच नव्हते. कॅप्सूलचा पंप जोरात आणि खोल ओढायचा असतो. फवाऱ्याचा पंप हळू ओढायचा आणि मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. हे दोन उलटे झाले तर औषध जिभेवर राहते. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर लावला तर काम निम्मे सोपे होते. विकत घेणे शक्य नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा नीट बंद करून स्पेसर करता येतो. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली होती.

आपली हवा

पुस्तकातला सल्ला पुण्या-मुंबईसाठी वेगळा आणि आपल्यासाठी वेगळा असायला हवा, कारण आपली हवा वेगळी आहे.

नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे. हंगामात शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते, रस्ते लाल दिसतात, आणि वाऱ्याची दिशा फिरली की निरोगी माणसालाही ठसका लागतो. मिरचीतले कॅप्सेसिन श्वासमार्गातल्या मज्जातंतूंना थेट चाळवते. ज्याच्या नळ्या आधीच चिडलेल्या आहेत आणि जो मिनिटाला शंभर लिटर हवा ओढतो आहे, त्याने पथारीला लागून असलेल्या रस्त्यावर सराव करणे म्हणजे दुप्पट शिक्षा. माझ्या या मुलाचा सराव नेमका अशाच रस्त्यावर चालला होता. शहरात खोली घेऊन राहत होता, आणि मोकळा रस्ता तोच जवळ पडत होता. रस्ता बदलला, दोन किलोमीटर लांब पडले. औषध सुरू होण्याआधीच खोकला थोडा कमी झाला.

कापसाचे जिनिंग, मळणीची धूळ, ऊसतोडीच्या दिवसांत पेटवलेले पाचट, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग, पावसाळ्यानंतर फुलणारे गाजरगवत. ही यादी आपल्याकडे वर्षभर पुरते. आणि घरातली चूल वेगळीच. पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते, पाड्यावरच्या सगळ्या चुलींचा धूर तिच्यात अडकतो, आणि नेमकी हीच सगळ्यांची पळायची वेळ. डाब किंवा तोरणमाळच्या बाजूला तर कडाक्याच्या थंडीत दव गोठते, इतकी थंड आणि कोरडी हवा तिथे मिळते. थंड प्रदेशात बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या स्कीपटूंना वर्षानुवर्षांच्या सरावानंतर दमा जडतो, हे नॉर्वे-स्वीडनमध्ये बऱ्याच आधी दिसून आले आहे. म्हणजे खूप पळणे हेसुद्धा नळ्यांना दुखावू शकते. ‘लहानपणी नव्हता, मग आता कुठून आला?’ याचे एक उत्तर हे आहे.

दमेकरी मुलांना हिवाळ्यात मी शक्यतो सकाळी आठनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास पळायला सांगतो. ते हसतात, कारण आठ वाजता काहींना कामावर जायचे असते. मग तडजोड: तोंडा-नाकावर सुती रुमाल किंवा मफलर, म्हणजे श्वास थोडा कोमट-ओला होतो. आणि सुरुवातीला पंधरा मिनिटे अंग गरम करणे, त्यात ३० सेकंदांच्या पाच-सहा जोरदार धावा, मधे चालणे. याचे एक विशेष कारण आहे. एकदा नळ्या थोड्या आवळून सुटल्या की साधारण निम्म्या लोकांत पुढचे दोनेक तास त्या दुसऱ्यांदा तितक्या जोरात आवळत नाहीत. भरतीच्या दिवशी रांगेत तासन्तास बसून थेट सुरुवातीच्या रेषेवर उभे राहणाऱ्या दमेकरी मुलाचे नुकसान इथेच होते. जागच्या जागी उड्या मारा, मैदानाच्या कडेला पळा, पण थंड अंगाने रेषेवर जाऊ नका.

सर्दी-तापात, छातीत कफ असताना जोराचा सराव नाही. हे सगळ्यांत कमी पाळले जाते. ‘चार दिवस चुकले तर वेळ वाढेल’ ही भीती मी समजू शकतो. पण सर्दीतला दमा चार आठवडे खातो.

आणि पाय दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी घेताना जपून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो, विशेषतः ज्यांचे नाक कायम चोंदलेले असते त्यांना. सर्दीसाठी सर्रास दिली जाणारी मॉन्टेल्युकास्टची गोळीही दम्यात थोडी मदत करते. पण तिने झोप उडणे, चिडचिड, उदासी असे त्रास होऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला आहे. भरतीच्या तणावात असलेल्या पोराला ती देताना मी घरच्यांना हे सांगून ठेवतो.

प्रत्येक धाप दमा नसते

याच हिवाळ्यात धडगावकडची एक मुलगी आली. वनरक्षकाची तयारी. मुलींना ३ किलोमीटर २५ मिनिटांच्या आत पळावे लागते, मुलांना ५ किलोमीटर ३० मिनिटांच्या आत, आणि गुण हवे असतील तर त्याहून बरेच वेगाने. निवडीच्या पुढच्या टप्प्यात लांब पल्ल्याची चालही असते, मुलांना ४ तासांत २५ किलोमीटर, मुलींना १६. या मुलीच्या हातात आधीच निळा पंप होता, कुणीतरी दिलेला. फरक शून्य. तिला त्रास पळतानाच होत होता, थांबल्यावर नव्हे. शिट्टी नाही, खोकला नाही. डोळ्यांच्या खालच्या पापण्या पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन ७.४. तिला पंपाची नव्हे, लोहाची गरज होती.

आपल्या जिल्ह्यात धाप लागणाऱ्या प्रत्येक धावपटूचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासल्याशिवाय पंप लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. सातपुड्यात सिकलसेल किती आहे हे इथे काम करणाऱ्या कुणाला नव्याने सांगायला नको. साधी विद्राव्यता चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, नंतरची पक्की तपासणी पुढच्या रुग्णालयात. सिकलसेलचा आजार असेल तर मार्ग वेगळा. नुसता वाहक असेल तर पळायला हरकत नाही, मात्र उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणे त्याने टाळायलाच हवे. पळताना पायाचे, कमरेचे स्नायू अचानक दुखून गळून गेले, तर तिथेच थांबायचे. ते दुखणे सहन करून शर्यत पुरी करण्यात शौर्य नाही, त्यातून मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

तिसरा प्रकार घशाचा. काही मुलांत, त्यातही किशोरवयीन मुलींत, जोरात पळताना स्वरयंत्र उघडण्याऐवजी आकसते. आवाज श्वास *आत* घेताना येतो, बोट गळ्याकडे जाते छातीकडे नाही, आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटांत सगळे शांत. यांना वर्षानुवर्षे पंप दिले जातात. उपयोग होतो तो श्वासाच्या व्यायामाचा.

लपवालपवी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती. मुलाला पंप लिहून दिला, वापरायला शिकवला. पंधरा दिवसांनी आला तेव्हा पंपाच्या मोजणीत फार थोडे फवारे कमी झाले होते. खोलीत आणखी चौघे राहतात, त्यांच्यासमोर घेत नव्हता. “सर, पोरं म्हणतील दमेकरी आहे. आणि भरतीला कळलं तर?”

याचे गोड उत्तर माझ्याकडे नाही. सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत दमा हे अपात्रतेचे कारण आहे. हे मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो, कारण दोन वर्षे अग्निवीरची तयारी करून शेवटी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. इतर भरतींत निवडीनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि निर्णय त्या मंडळाचा असतो. मी कुणालाही ‘लपव’ असे सांगत नाही, आणि कुणाला खोटे प्रमाणपत्रही देत नाही. पण आटोक्यात असलेला दमा आणि मोकाट दमा यांना एकाच मापाने मोजणे मला वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. ज्या मुलाची फुंकर वर्षभर स्थिर आहे, ज्याला रात्री जाग येत नाही, जो ५ किलोमीटर पळून नीट बोलू शकतो, तो वनरक्षकाचे काम का करू शकणार नाही? त्याच्यापेक्षा मला चिंता आहे ती निदानच न झालेल्या मुलाची. कारण सरसकट नापास करण्याच्या भीतीने होते काय, तर मुले तपासणीच टाळतात, पंप बॅगेच्या तळाशी ठेवतात, आणि मैदानावर कोसळतात तेव्हा शेजारच्याला काय करायचे तेच माहीत नसते.

म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांना माझे सांगणे आहे. फी घेताना एक छापील कागद भरून घ्या: थांबल्यावर खोकला येतो का, रात्री घरघर होते का, घरात कुणाला दमा आहे का. एक पीक फ्लो मीटर, एक स्पेसर, एक निळा पंप कार्यालयात ठेवा. ‘दम नाही’ असे म्हणण्याआधी मुलाला पळवून एकदा फुंकर मारायला लावा. पंधरा टक्क्यांहून जास्त घसरली तर डॉक्टरकडे पाठवा.

आणि झटका आलाच तर काय करायचे, हे प्रशिक्षकाला पाठ हवे. मुलाला आडवे करू नका, बसवा, किंचित पुढे झुकू द्या. स्पेसरमधून निळ्या पंपाचे एकेक करून चार ते सहा फवारे द्या. वीस मिनिटांत उतरले नाही तर पुन्हा द्या. तो एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, ओठ निळे पडत असतील, किंवा घरघर अचानक बंद होऊन तो सुस्तावत असेल, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन आणि फवारे चालू. आवाज बंद होणे म्हणजे बरे होणे नव्हे. तेव्हा हवाच आत जात नसते. अक्कलकुवा-धडगावच्या वरच्या भागात गाडी पोहोचायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती मधली वेळ पंपानेच काढायची असते.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर धावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे उत्तेजक चाचणी होते. श्वासातून सालब्युटामॉल चालते, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंतच. म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ८ तासांत ६ फवारे. सालब्युटामॉलची गोळी किंवा सिरप चालत नाही. टर्ब्युटॅलिन कुठल्याच रूपात परवानगीशिवाय चालत नाही, आणि ते आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत असते. स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडची गोळी आणि इंजेक्शनही बंद, पंप मात्र चालतो. सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या लघवीत २०१७ च्या स्पेनच्या शर्यतीत सालब्युटामॉल मर्यादेपेक्षा जास्त आढळले. तो पुढे २०१८ मध्ये निर्दोष ठरला, पण त्याच्या पाठीशी वकिलांची फौज होती. आपल्या पोराच्या पाठीशी कोण असणार? खोकल्याची बाटली घेण्याआधी तिच्यावरची नावे वाचून घ्या, नाहीतर मला फोटो पाठवा.

तळोद्याच्या त्या मुलाने शेवटी खोलीतल्या चौघांना सांगून टाकले. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी विचारले, मलाही थांबल्यावर खोकला येतो, मी येऊ का तुझ्या डॉक्टरकडे? तो आला, त्याची फुंकर नॉर्मल निघाली, त्याला साधी ॲलर्जीची सर्दी होती. आमच्या मुलाची आठ आठवड्यांनी पळण्यानंतरची घसरण २८ वरून ९ टक्क्यांवर आली. १६०० मीटरची वेळ ५ मिनिटे २१ सेकंद. अजून ११ सेकंद कमी करायची आहेत, आणि ती औषधाने होणार नाहीत, ती त्याला पायांनीच करावी लागतील. सैन्याचा विचार त्याने सोडला. त्याबद्दल तो माझ्यावर थोडा नाराज आहे. परवा आला तेव्हा पंप खिशात होता आणि विचारत होता, मिरचीचा हंगाम सुरू व्हायच्या आत डोस वाढवायचा का? मी म्हटले, आधी दोन आठवडे रोज सकाळी फुंकर लिहून आण, मग ठरवू.